उडी आणि खालची गादी

१९७६ सालच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह वॉझ्नियाक नावाच्या तरुण इंजिनिअरला एकामागून एक फोन येऊ लागले. फोन करणारे सगळे घरचे किंवा मैत्रीतले, आणि सगळ्यांचं टुमणं एकच: बाबा रे, नोकरी सोड. हा गृहस्थ ह्युलेट-पॅकार्डमध्ये कॅल्क्युलेटर विभागात होता आणि जन्मभर तिथेच राहायची त्याची तयारी होती. ॲपल-१ हा कॉम्प्युटर त्याने हौसेखातर, फावल्या वेळात बनवला होता, आणि बनवल्यावर इमानेइतबारे आधी आपल्याच कंपनीला दाखवला होता. कंपनीने नको म्हटलं. पुढे गुंतवणूकदार माइक मार्कुला अडीच लाख डॉलर घेऊन आला. त्याची अट एवढीच की वॉझ्नियाकने नोकरी सोडून पूर्णवेळ ॲपलमध्ये यावं. वॉझ्नियाक म्हणाला, जमणार नाही. मग त्याचा भागीदार स्टीव्ह जॉब्जने त्याच्या घरच्यांना आणि मित्रांना कामाला लावलं. शेवटी ॲलन बॉम या मित्राने त्याची समजूत घातली की कंपनी काढली म्हणून साहेब व्हावंच लागतं असं नाही, साधा इंजिनिअर राहूनही श्रीमंत होता येतं. तेव्हा कुठे राजीनामा गेला.

मराठी वाचकाला या हकिकतीतली हौस पटते, डॉलर पटतात. नोकरी सोड म्हणून नातेवाईक फोन करतात, हे मात्र काही केल्या पटत नाही.

आपल्याकडेही फोन येतातच. हिंजवडीतल्या एखाद्या पोराने राजीनामा दिल्याची बातमी बाहेर पडली, की पहिला फोन धुळ्याच्या मामाचा.

"काय रे, काढलं का तुला?"

"नाही मामा, मीच सोडली."

"हां हां. सगळ्यांना तसंच सांगायचं."

दुसरा फोन काकांचा. काकांचा सिद्धांत असा की मराठी माणसाला धंदा जमत नाही, आणि हे ते ज्या विहिरीच्या काठावर उभं राहून सांगतात तिच्यावर तीस वर्षं किर्लोस्करांचा पंप चालू आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीत डावललं म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी, अशी ती चढण आहे. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनतं अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. नवं सॉफ्टवेअर घेऊन हाउसिंग सोसायटीच्या खजिनदारापुढे बसलेल्या कुणालाही या समजुतीचं नवल वाटणार नाही. पण एवढं ऐकवलं तरी काका म्हणणार, "ते किर्लोस्कर होते. तू आपला जोशी."

गमतीची गोष्ट ही, की मामा-काकांना ज्याची भीती वाटते ते धाडस नावाजलेल्या मंडळींनी फारसं केलेलंच नाही. व्यासपीठावर सांगितली जाते ती उडी. खाली पसरून ठेवलेली गादी भाषणात येत नाही.

सर्वांत प्रामाणिक माणूस म्हणायचा तर रोनाल्ड वेन. ॲपलच्या १९७६ च्या भागीदारी करारावर जॉब्ज आणि वॉझ्नियाकसोबत त्याचीही सही आहे, वाटा दहा टक्के. मात्र कर्ज बुडालं तर सावकार कुणाच्या दारात येणार, याचा हिशोब त्याने केला. बाकी दोघांकडे जप्त करण्याजोगं काही नव्हतं आणि चाळिशी ओलांडलेल्या वेनकडे होतं. बाराव्या दिवशी तो भागीदारीतून बाहेर पडला आणि आपला वाटा त्याने ८०० डॉलरला सोडला. आज जग त्याच्यावर हसतं. कोथरूडमधल्या कुठल्याही आईने त्याच्यासाठी साखर वाटली असती.

आता हिंजवडीतल्या आपल्या राजीनामावीराकडे वळू. राजीनाम्याचा मेल त्याने केव्हाच लिहून ठेवलेला असतो आणि तो ड्राफ्ट्समध्ये मुक्कामाला असतो. दिवाळीपर्यंत थांबू, बोनस आहे. बोनस झाला, मार्चपर्यंत थांबू, अप्रेझल आहे. अप्रेझलमध्ये मनासारखं झालं नाही म्हणून मेल पाठवायचाच असं ठरतं, तोवर कुणीतरी आठवण करून देतं की ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण लागतात आणि याला सात महिने कमी आहेत. जो मनुष्य लाखो कोटींची बाजारपेठ काबीज करायला निघालाय, तो दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगारासाठी सात महिने थांबतो. हसू येतं, पण वॉझ्नियाकलाही समजून घेतलंच ना आपण?

मेल गेला की नोटीस पिरियड. मोठ्या आयटी कंपन्यांत तो बहुधा ९० दिवसांचा. पहिल्या आठवड्यात मॅनेजर कॉफीला नेतो. "तुझा नेमका इश्यू काय आहे?" इथपासून सुरुवात होते, मग ऑनसाइटचं गाजर, मग पगारवाढीचं. कशालाच दाद मिळत नाही म्हटल्यावर तो खुर्ची जवळ ओढतो आणि आवाज खाली आणतो. "मलापण करायचंय रे काहीतरी. गुहागरजवळ जागा बघून ठेवलीय. होमस्टे." मग पुढची वीस मिनिटं नारळाच्या झाडांवर.

उरलेले दिवस केटीचे, म्हणजे आपल्या डोक्यातलं ज्ञान दुसऱ्याच्या डोक्यात ओतण्याचे. दुसरं डोकं म्हणजे गेल्याच जूनमध्ये रुजू झालेला मुलगा. तो चार वर्षांपूर्वीच्या कोडवर बोट ठेवतो. "सर, इथे हे मायनस वन का केलंय?" सर बराच वेळ पडद्याकडे बघतात. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी त्यांचंच नाव असतं. "चालतंय ना? मग हात लावू नकोस." ज्ञानाचं हस्तांतर पूर्ण झाल्याची नोंद होते. शेवटच्या दिवशी केक, सामूहिक फोटो, आणि लॅपटॉप जमा करताना चार्जर दुसऱ्या कंपनीचा निघाला म्हणून आयटी सपोर्टशी तासभर वाद.

एवढ्यात कुणी शहाणा विचारतोच, नोकरी न सोडता रात्री बसून का नाही करत? तर त्याचाही इतिहास आहे. २०२२ मध्ये विप्रोचे रिशद प्रेमजी यांनी चोरून केल्या जाणाऱ्या जोडकामाला सरळसरळ फसवणूक म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना घरी पाठवलं. त्या आठवड्यात पुण्यातले अनेक साइड प्रोजेक्ट एका रात्रीत पत्नीच्या नावे झाले असावेत.

जगभरात मात्र याच वाटेने गेलेले पुष्कळ भेटतात. पियर ओमिड्यारने १९९५ मध्ये सप्टेंबरच्या सुट्टीत लिलावाचं संकेतस्थळ लिहिलं, तेव्हा तो जनरल मॅजिक या कंपनीत नोकरीला होता. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे तुटका लेझर पॉइंटर, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. वर्दळ वाढली, जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने महिन्याचं बिल वाढवलं, म्हणून याने विक्रेत्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. त्या पैशाने पगाराला मागे टाकलं, तेव्हा साहेबांनी राजीनामा दिला. ते संकेतस्थळ म्हणजे आजचं ई-बे.

त्याहून मजेशीर गृहस्थ पॅट्रिक मॅकेन्झी. हा अमेरिकन माणूस जपानमध्ये राहून तिथल्या एका कंपनीत इमानाने नोकरी करायचा आणि २००६ मध्ये त्याने ६० डॉलर खर्चून एक सॉफ्टवेअर विकायला काढलं. ते काय करायचं? बिंगोची कार्डं छापायचं. आपल्याकडच्या हाउझीची ही चुलत बहीण. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेच्या बाई मुलांना शब्द ओळखायला शिकवताना हा खेळ घेतात आणि तीस मुलांसाठी तीस वेगवेगळी कार्डं हाताने लिहीत बसतात, एवढीच अडचण याने हेरली. जगात क्रांती करण्याची भाषा नाही, गुंतवणूकदार नाही. जपानी ऑफिसातले लांबलचक तास भरून घरी आल्यावर तो अमेरिकेतल्या बाईंच्या शंकांना उत्तरं द्यायचा. नोकरी सोडली थेट २०१० मध्ये.

आपल्या राजीनामावीराने एवढी कळ काढलेली नसते. त्याचा पहिला मोकळा सोमवार उजाडतो. पहाटे पाचला उठून ध्यान, मग चार तास सलग कोडिंग, असं वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं असतं. साडेनऊला आई म्हणते, "घरीच आहेस ना? गॅसवाला येईल, तेवढं बघ." अकराला शेजारच्या काकू किल्ली ठेवायला येतात. बाराला सोसायटीचा वॉचमन येतो, कारण टँकर आलाय आणि व्हॉल्व्ह दाखवायला पुरुषमाणूस दुसरं कुणी घरी नाही. मंगळवारी त्याला कळतं की भरदुपारी दारावरची बेल किती वेळा वाजते. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम असतं, तेव्हा बेलही वाजत नाही आणि वायफायही चालत नाही.

मग कंपनीची नोंदणी. एकट्याने चालवायची तर २०१३ च्या कंपनी कायद्याने एकसदस्यीय कंपनीची सोय केली आहे. हौसेने अर्ज भरायला घेतला की सुरुवातीलाच विचारणा होते ती वारसदाराची. संस्थापकाचं बरंवाईट झालं तर कंपनी कुणाकडे जाणार, त्या व्यक्तीचं नाव आणि तिची लेखी संमती जोडायची. कंपनीचा जन्मदाखला हातात पडायच्या आधी संस्थापकाच्या मृत्यूची तजवीज. पत्नी सही करताना विचारते, "म्हणजे मला काय मिळणार?" सध्याची मालमत्ता म्हणजे एक खुर्ची आणि डोमेनचं नाव. ती सही करते.

सीए हा या पर्वातला सर्वांत महत्त्वाचा माणूस. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हे ऐकून राजीनामावीर खूश होतो. मग सीए सांगतात की मोठी गिऱ्हाइकं जीएसटी क्रमांक नसलेल्याला दारात उभं करत नाहीत. परदेशी गिऱ्हाईक असेल तर कर शून्य, पण त्याआधी हमीपत्र. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी फुकट आहे, ती करून घ्या. शिवाय वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसाय कर. नोकरीत असताना हाच कर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा पगारातून गुपचूप जायचा आणि त्याने तो स्लिपवर कधी वाचलाही नव्हता. आता भरायची तारीख स्वतः लक्षात ठेवायची.

ऑफिसात असताना त्याने ज्यांची ज्यांची टिंगल केली होती, ते सगळे विभाग आता त्याच्याकडेच आहेत. सकाळी तो विक्री विभाग, दुपारी वसुली. संध्याकाळी प्रिंटरची शाई संपली म्हणून प्रशासन विभागाकडे तक्रार करायची आणि आपणच ती फेटाळायची. कोड लिहायला रात्री अकरानंतर वेळ मिळतो, म्हणजे नोकरीत असताना मिळायचा तेव्हाच.

उत्पादन म्हणून तो समजा सोसायट्यांच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर निवडतो. पावत्या, थकबाकी, व्याज, सभेची इतिवृत्तं, सगळं एका जागी. प्रतिस्पर्धी कंपन्यांचा तक्ता करून तो पहिल्या सोसायटीत जातो आणि तिथे खजिनदारकाका त्याला खऱ्या प्रतिस्पर्ध्याची ओळख करून देतात.

"आमचं एक्सेलमध्ये व्यवस्थित चाललंय की."

"काका, पण थकबाकीवरचं व्याज?"

"ते मी वहीत काढतो आणि मग एक्सेलमध्ये टाकतो."

अर्धा तास प्रात्यक्षिक होतं. काका मान डोलावतात, चहा येतो, कमिटीचे आणखी दोघे येऊन बसतात. किंमत ऐकून शांतता पसरते. एका फ्लॅटमागे महिन्याला दहा रुपये. "पहिलं वर्ष फ्री ठेवा, मग बघू," असं सेक्रेटरी म्हणतात आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सोसायटीच्या पाच वर्षांच्या वर्गणीएवढं असतं. त्यातूनही सौदा ठरलाच, तर रात्री साडेदहाला काकांचा फोन. "तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलंय." बंद पडलेला असतो काकांचा राउटर. तोही हाच जाऊन सुरू करून देतो आणि येताना काकूंच्या हातचा चिवडा खाऊन येतो. मॅकेन्झीला ही सोय नव्हती.

पोट चालावं म्हणून जोडीला एखाद्या कंपनीचं काम घेतलं, तर वसुलीचा खेळ वेगळा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा त्याच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे कलम पाठ करून तो अकाउंट्समध्ये फोन लावतो. पलीकडच्या मॅडम अतिशय गोड बोलतात. बिल साहेबांच्या टेबलावर आहे. साहेब ऑडिटमध्ये आहेत. पुढच्या बुधवारी करा. पुढच्या बुधवारी कळतं की बिलावर पीओ नंबर नाही, म्हणून ते परत पाठवलंय आणि दिवस आता नव्याने मोजायचे. चक्रवाढ व्याजाचा उच्चार करायचा धीर त्याला होत नाही, कारण पुढचं कामही त्यांच्याकडूनच यायचं असतं.

या दिवसांत घर कशावर चालतं? इथे आपण पुन्हा गादीपाशी येतो.

इन्फोसिस ही २ जुलै १९८१ रोजी पुण्यात स्थापन झालेली कंपनी. पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेले सात जण आणि १० हजार रुपये भांडवल, हे पाठ्यपुस्तकासारखं सगळ्यांना पाठ आहे. ते दहा हजार संस्थापक नारायण मूर्तींच्या पत्नी सुधा मूर्तींनी साठवलेले होते, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यापुढचं तेवढं बोललं जात नाही. सुधाताई तेव्हा वालचंद समूहात सिस्टिम्स ॲनालिस्ट होत्या आणि घर त्या पगारावर चालणार होतं. तीन वर्षं घराचं मी बघते, तुम्ही तुमचं स्वप्न बघा, असा तो व्यवहार होता. संस्थापकांच्या यादीत मात्र त्या नाहीत, कारण नवरा-बायको दोघांनी एका कंपनीत नसावं हा नारायण मूर्तींचा नियम. पुढे अनेक वर्षांनी, आपलं ते चुकलंच, असं त्यांनी जाहीर मुलाखतीत मान्य केलं. आणखी एक बारकावा. इन्फोसिसमधले पहिले कर्मचारी एन. एस. राघवन. पटणीतलं हातातलं काम संपवायचं असल्यामुळे मूर्ती स्वतः नंतर रुजू झाले. म्हणजे देशातल्या सर्वांत गाजलेल्या राजीनाम्यालाही नोटीस पिरियड होताच. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली. पुढे तिने हिंजवडीत मोठं संकुल उभारलं, त्यामुळे पुणेकर आता हळहळायचं की वाहतूक कोंडीबद्दल तिलाही बोल लावायचे, या पेचात असतात.

क्विक हीलची कथा तर थेट दुकानातली. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर महिना ४०० रुपयांवर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे, त्यांवर संजय उतारे लिहायचा. त्यातून नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस उभा राहिला आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. संजय कोड लिहीत होता तेव्हा खालची गादी म्हणजे कैलाशरावांचा गल्ला.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणाला २०११ मध्ये कॉम्प्युटरची पदवी घेऊनही नोकरी मिळेना, म्हणून त्याने एकट्याने व्हिडिओ गेम लिहायला घेतला. चारेक वर्षं लागली. त्या काळात तो सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना खुर्च्या दाखवायचं काम करायचा आणि घरखर्चाचा भार त्याच्या मैत्रिणीने उचलला होता. २०१६ मध्ये आलेल्या या 'स्टारड्यू व्हॅली'च्या लाखो प्रती खपल्या. गेमची सुरुवात कशी होते? नायक कॉर्पोरेट नोकरीला कंटाळून राजीनामा देतो आणि आजोबांच्या शेतावर जातो. ज्याला नोकरीच मिळाली नव्हती त्याने नोकरी सोडण्याचं स्वप्न विकलं, आणि ते विकत घेतलं क्युबिकलमध्ये बसलेल्यांनी.

ज्यांची उडी चुकली त्यांना कुणी मुलाखतीला बोलावत नाही. ते दीडदोन वर्षांनी हिंजवडीत परततात, बायोडेटात मधल्या काळासमोर 'आंत्रप्रनर' असं लिहितात, आणि काहींना तर आधीपेक्षा जास्त पगार मिळतो. मामा म्हणतात, "घेतलं का परत?"

आपला राजीनामावीर अजून टिकून आहे. दीड वर्ष झालंय, अकरा सोसायट्या झाल्यात, त्यांतल्या सात पैसेही देतात. वाकडला टू-बीएचके बघून ठेवलाय, म्हणून नवरा-बायको बँकेत गेले आहेत. समोरचा अधिकारी तरुण आहे.

"सर काय करतात?"

"त्यांची सॉफ्टवेअर कंपनी आहे," ती सांगते.

"अरे वा. किती लोक आहेत?"

"एक," राजीनामावीर म्हणतो.

"म्हणजे तुम्ही धरून दोन?"

"नाही. मला धरून एक."

अधिकारी पेन खाली ठेवतो. स्वतःचा व्यवसाय म्हटलं की मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सगळं लागेल. इथे दीडच वर्ष आहे आणि त्यात नफा कमी, पत्रकच जास्त. मग त्याची नजर तिच्याकडे वळते. "मॅडम, आपण?" ती खराडीतल्या कंपनीचं नाव सांगते आणि सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा टेबलावर ठेवते. अधिकाऱ्याचा चेहरा खुलतो. "मग काहीच अडचण नाही. मॅडम मुख्य अर्जदार, सर सहअर्जदार."

फॉर्म पुढे सरकवता सरकवता तो इकडेतिकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "सर, तुम्हाला विचारायचं होतं. मीपण सोडायच्या विचारात आहे. डोक्यात एक ॲप आहे."

राजीनामावीर तोंड उघडणार, तेवढ्यात सह्या करता करता तीच विचारते, "मिसेस नोकरी करतात का तुमच्या?"

"हो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पर्मनंट."

"मग सोडा बिनधास्त. अजून कुठे सही?"